डब्याचा खुराक

नोकरी सोडून भिलाईला परतले तेव्हा माझ्याबरोबर एक डबा आला. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. त्यावर मी कारखान्यांच्या लोखंडी सांगाड्यांची गणितं करते, क्रेनचं ओझं ते पेलतील की कोसळतील याची. बाबा स्टील प्लांटमधल्या ब्लास्ट फर्नेसवरून, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवरून, रिटायर झालेले. त्यांच्या लेखी आवाज न करणारी मशीन म्हणजे बंद मशीन. मग मुक्या डब्यासमोर बसलेली मी बेकारच ठरले. फाटकाशी कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी घरीच बसून आहे." हे मला झोंबायचं. फार झोंबायचं.

म्हणून मी मूर्खपणा केला. प्रोसेसरने किती वीज ओढायची ती मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन पार टोकाला नेली. डब्यातला पंखा असा किंचाळला की आई मिक्सर जळला की काय ते बघायला धावली. बाबांनी पेपर खाली केला. मी धन्य झाले.

मग मे महिन्यातली ती दुपार. जवळच्या रसमडा औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडचा रिपोर्ट पाचपर्यंत द्यायचा होता, नाहीतर मिळालेलं पहिलंच काम हातचं जाणार होतं. डबा दोन मिनिटं सुसाट पळायचा, तापायचा, मग जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडून रांगायचा. जरा निवला की पुन्हा तेच. मी समोर टेबलफॅन लावला. खोलीतली हवाच भाजत होती, आणि तीच तो मन लावून फिरवत होता. तीन वाजले तरी गणित अर्ध्यावरच. मला रडू फुटलं.

"कावून रडून राहिली?" बाबा दारात उभे.

"तापून राहिला हा, बाबा. वारा देऊनही."

त्यांनी डब्यावर पालथा हात ठेवला. "वाऱ्यानं काय होते? खुराक कमी कर त्याचा. आमी फर्नेसले झेपेल तेवढाच माल टाकत होतो."

"मग स्लो होईल ना!"

"आता कोणता फास्ट आहे?"

मी विजेची मर्यादा जवळजवळ निम्म्यावर आणली. डब्यातला पंखा शांत झाला. वेग मधलाच, पण ढळेना. साडेचारला उत्तर आलं, रिपोर्ट गेला. जन्मात कॉम्प्युटर न उघडलेल्या माणसाने मला प्रोसेसर शिकवला याचा रागच आला, आणि त्यांचं भयंकर कौतुकही वाटलं.

डबा पुन्हा मुका झाला. परवा शेजारचे काका फाटकातून मोठ्याने विचारत होते, "पोरगी घरीच आहे काय अजून?"

"हळू बोला," बाबा म्हणाले. "ड्यूटीवर आहे ती."