शकूमावशीचं नाव मीच कापलं

माह्या भाषणाच्या व्हिडिओले लाईक कावून देऊन राहिले यार तुम्ही? बस करा ना!

आज वैशाली नगरात स्काउट-गाइडचा मेळावा होता. त्याचा इतिहास मी वाचला. पहिल्या मेळाव्यासाठी घरोघरी फिरून पोरी जमवल्या त्या आमच्या शेजारच्या शकूमावशीनं. पण भाषण लंबं होत होतं, म्हणून सकाळी तेवढाच पॅरा मी उडवला.

मावशी जुना स्कार्फ बांधून समोरच बसली होती. नातीले म्हणे, "आता माह्यं नाव येते, पाय."

आलंच नाही.

नंतर तिनं स्काउटच्या रीतीनं डावा हात पुढं केला. "मस्त वाचलं रे बेटा."

माह्यानं तिच्याकडे पाहवलं नाही.

तुम्ही काय बोलले असते? राहू द्या, फोन बंद करतो. तिच्याच घरी चाललो.