आईच्या नाताळचं मटण

आमच्या घरी नाताळच्या दुपारी माणसं जेवायला बसण्याआधी गल्लीतल्या कुत्र्यांना दूध-रोटला, दुधात कुस्करलेली जाड भाकरी, घालतात. ही माझ्या आईची रीत, असं सगळे सांगतात. सोसायटीत सांगतात, चर्चमध्ये सांगतात. तिच्या अंत्यविधीला पाळकसाहेबही म्हणाले होते, या माउलीनं मुक्या जिवांना स्वतःच्या आधी जेवू घातलं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मान हलवत होतो.

आईला कुत्र्यांची भीती वाटायची. लहानपणी गावाकडे तिला कुत्रं चावलं होतं आणि पोटात सुया घ्याव्या लागल्या होत्या. म्हातारपणीही रस्त्यात कुत्रं दिसलं की ती माझ्या मागे व्हायची. तिनं आपणहून कधी कुठल्या कुत्र्याला तुकडा टाकला नाही. ती रीत मी पाडली. कशी पाडली, ते आता लिहून ठेवतो. ज्यांच्यासमोर लाज वाटायची ती बहुतेक माणसं गेली आहेत, म्हणून हे धाडस. यात शौर्य काही नाही.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील रेल्वेत फिटर म्हणून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. आमचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलं, नंतर वाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथं कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे कुणी विचारत नसे. नाताळच्या आधीचा आठवडा करंज्या, शंकरपाळ्यांचा. पण नाताळचा दिवस मटणाचा. वडील उजाडायच्या आत जाऊन मटण आणायचे. आई कांदे आणि सुकं खोबरं शेगडीच्या निखाऱ्यावर भाजायची. गावाहून आलेला येसूर, म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेली ती काळपट पूड, ती मुठीनं घ्यायची, चमच्यानं कधी नाही. पातेलं मंद आचेवर ठेवून, शेजारणीला लक्ष द्यायला सांगून आम्ही चर्चला जायचो. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच वास भेटायचा.

वाढायची ती एकटी. डाव दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. चर्चमध्ये एकटंदुकटं कुणी दिसलं तर त्यालाही ओढून आणायची. सगळ्यांना वाढून झालं की नळीचं हाड माझ्या ताटाच्या काठावर ठोकायची आणि आतला मगज भाकरीवर पाडायची. मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी नळी माझीच. बायको हसायची. "अहो, तुमचे दात पडले तरी आई तुम्हाला नळी ठोकून देणार."

मग ती वर्षं आली. वडील तोवर गेले होते. मी ज्या कारखान्यात होतो तिथं परदेशी भागीदार आला, पगार वाढले, बँका घरासाठी बोलावून कर्ज द्यायला लागल्या. शहराबाहेर नवीन सोसायट्या उठत होत्या. मी एक टेनामेंट पाहिलं, इथं बैठ्या स्वतंत्र घराला तसं म्हणतात. पुढे अंगण, त्यात झोपाळ्याची जागा, मागे भांडी घासायची चोकडी. सोसायटीचे सेक्रेटरी झोपाळ्यावर बसून माझी चौकशी करत होते. माझं आडनाव ऐकून म्हणाले, "मराठी. ब्राह्मण?"

"ख्रिस्ती," मी म्हणालो. त्यांचा झोपाळा थांबला. तसा मी घाईनं पुढे म्हणालो, "पण अमे प्योर व्हेज. बापदादापासून."

त्यांनी टाळी दिली. ख्रिस्ती आणि शाकाहारी! हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी बायकोला हाक मारून मला दाखवलं. घर मिळालं. त्याबरोबर मी सोसायटीचं कौतुक झालो. कुणाकडे पाहुणे आले की त्यांना आमच्या घराकडे बोट करून सांगायचे.

पहिल्याच नाताळला मी अख्खी समिती सहकुटुंब जेवायला बोलावली. आईला सांगितलं, या वर्षीपासून उंधियू, पुरी आणि श्रीखंड.

"आणि मटण?"

"इथं चालत नाही."

"कुणाला?"

"सोसायटीला."

"सोसायटी काय आपल्या पानात जेवणार आहे?"

"हो. त्याच दिवशी येणार आहे."

बायकोनं दबक्या आवाजात सुचवून पाहिलं, दारं-खिडक्या लावून थोडंसं करू, आईंचं समाधान होईल. मी तिला म्हणालो, "तुझ्या माहेरी जाऊन कर." ती पुन्हा बोलली नाही. येसूराचा डबा मी स्वतः माळ्यावर टाकला. उघडला की घरभर वास सुटायचा.

आईनं त्या वर्षी पुऱ्या लाटल्या, पुढच्या वर्षीही लाटल्या. आईला तिथं सगळे माजी म्हणत. पाहुणे म्हणायचे, माजींच्या हाताला चव आहे. मी म्हणायचो, आमच्या घरात पहिल्यापासून असंच साधं. ती ऐकत असायची. तिला गुजराती माझ्याहून चांगलं यायचं.

मी मात्र शनिवारी कारखान्यातल्या दोस्तांबरोबर स्टेशनमागच्या एका खानावळीत मटण खात होतो. घरी आलो की आई विचारायची, "जेवायचं ना?" मी म्हणायचो, "भूक नाही, कामावर नाश्ता झाला." ती माझा शर्ट धुण्याच्या बादलीत टाकायची. एवढंच.

एका वर्षी नाताळच्या तोंडावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "एकदाच," म्हणाली. "तुझ्या स्वतःच्या घरात तुला माझ्या हातचं वाढायचंय. तुझ्या बापानं भाड्याच्या घरात खाल्लं, तू स्वतःच्या घरात खा. मग मी मरायला मोकळी."

"मरतेस कशाला? उंधियू खा, शंभर वर्षं जगशील," मी म्हणालो आणि माझ्या विनोदावर मीच हसलो.

त्या नाताळला ती पहाटेच घरातून निघाली. चर्चला लवकर जाते म्हणाली. गेली ती जुन्या रेल्वे लाइनीतल्या एका मैत्रिणीकडे. तिथं तिनं मटण शिजवलं. माळ्यावरचा येसूर तिनं कधी उतरवून घेतला होता, कुणास ठाऊक. चर्चला ती आलीच नाही. आम्ही परतलो, पाहुणे आले, पानं मांडली, तरी तिचा पत्ता नव्हता. मी चिडलो होतो, कारण पुऱ्या बायकोला एकटीला तळाव्या लागत होत्या आणि श्रीखंड वाढायला उशीर होत होता.

पाहुण्यांचे दोन घास झाले असतील. सेक्रेटरींच्या बायकोचा हात ताटावर थांबला.

"शेनी वास आवे छे?"

कसला वास ते मला विचारावं लागलं नाही. मी उठून मागे गेलो. चोकडीत आई उकिडवी बसली होती. रिक्षातून डबा शालीत गुंडाळून आणला होता आणि मागच्या दारानं आत आली होती. पाहुणे गेल्यावर मला वाढायचा बेत होता. पण डबा हलला होता, रस्सा झाकणावर आला होता. ती ते पुसत होती आणि नळीचं हाड एका वाटीत वेगळं काढत होती.

"तुझी नळी बाजूला ठेवतेय," ती कुजबुजली. "ते गेल्यावर खा."

माझ्यामागे चपलांचा आवाज झाला. सेक्रेटरी आले होते आणि त्यांच्यामागे आणखी दोघं. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी एक क्षणही थांबलो नाही. याचंच मला पुढं नवल वाटत राहिलं. तोंडातून वाक्य जणू आधीपासून तयार असल्यासारखं आलं. मी गुजरातीत म्हणालो, हे कुत्र्यांसाठी आहे. बाहेरून आणलंय, घरात शिजवलेलं नाही. आमची आई दर नाताळला गुपचूप आधी मुक्या जिवांना घालते, मग जेवते.

सेक्रेटरींनी रुमाल खाली घेतला. "साचुं, माजी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत म्हणालो, "हो म्हण."

"हा," ती म्हणाली.

"वाह! जीवदया!" सेक्रेटरी म्हणाले. कुत्र्यांचा तो खुराकच, त्यात पाप नाही, असा निवाडाही त्यांनी तिथंच दिला. मग आत हाक मारली, चला, माजी कुत्र्यांना खाऊ घालताहेत. माणसं जेवणावरून उठून अंगणात आली. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. ती सगळ्यांच्या पुढे.

आई डबा घेऊन गेटपर्यंत गेली आणि थांबली. वासानं गल्लीतली चार-पाच कुत्री धावत आली होती. ती वळून मला म्हणाली, "तू घाल रे. मला भीती वाटते."

लोक बघत होते. मी म्हणालो, "नाटकं करू नकोस. दर वर्षी घालतेस ना?"

तिनं गेट उघडलं. एका कुत्र्यानं डब्यावर उडी घेतली, डबा निसटला, रस्सा तिच्या पायांवर आणि नाताळच्या नव्या लुगड्यावर सांडला. ती किंचाळली. कुत्री तिच्या पायांवरचं चाटू लागली. लोक हसले, मायेनं हसले, म्हणाले, बघा, किती ओळखतात माजींना. मीही हसलो. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

"पण माजी," आत जाताना सेक्रेटरींच्या बायकोनं तिला समजावलं, "हवेथी दूध-रोटला नाखजो. यापुढं तेच घाला, तेही आवडीनं खातात."

मी पानावर जाऊन बसलो आणि आणखी श्रीखंड मागितलं. आई चोकडीत पाय धूत होती. मग हात पुसून आली आणि गरम पुऱ्या वाढायला लागली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "नळीपण गेली."

मी म्हणालो, "पुन्हा असला तमाशा केलास तर गावी नेऊन सोडीन." गावी आमचं काही उरलं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर दर नाताळला आई दूध-रोटला घेऊन गेटपाशी जायची, कारण सोसायटी वाट पाहायची. माझी मुलगी तिचा हात धरून जायची. मुलीला कुत्र्यांचं वेड होतं. आजी-नातीचा तो सण झाला. मी लोकांना सांगायचो, आमची जुनी रीत आहे.

शेवटच्या नाताळला आई अंथरुणावर होती. खाणं जवळजवळ सुटलं होतं. चर्चहून येताना मी वाट वाकडी करून स्टेशनमागच्या त्या खानावळीत गेलो आणि मटण बांधून घेतलं. पुढच्या खोलीत पाहुणे होते. मी मागून तिच्या खोलीत शिरलो, खिडकी लावली आणि एका लहान पातेल्यात मटण काढून तिच्या उशाशी बसलो.

"आई, मटण आणलंय. खा."

तिनं डोळे उघडले आणि वास घेतला. मला वाटलं, तिला रडू येईल. मी त्याची तयारीही केली होती, बरोबर रडायची.

"ह्याच्यात येसूर नाही," ती म्हणाली.

"नसेल. चांगलं आहे पण."

"माहितीय. तुझ्या शर्टाला शनिवारी यायचा तो हाच वास."

मी चमच्यावर एक मऊ तुकडा घेऊन तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड मिटून घेतलं. मग म्हणाली, "या घरात मटण कुत्र्यांसाठी आणतात ना रे? मग मला कशाला? गल्लीत घाल, जा."

मी विनवण्या केल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि मी बसून आहे हे बघायलाही वळली नाही. शेवटी मी पातेलं घेऊन बाहेर गेलो आणि गेटबाहेर ओतलं. सेक्रेटरी आता म्हातारे झाले होते, समोरच्या झोपाळ्यावर बसले होते. पातेल्यात काय आहे ते त्यांना लांबून दिसलं नसावं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाह! माजीनी परंपरा दीकराए चालु राखी."

उन्हाळा लागायच्या आत आई गेली. पाळकसाहेबांना कुत्र्यांची गोष्ट मीच पुरवली होती.

गेल्या नाताळला मुलगी आपल्या मुलांना घेऊन आली होती. स्वयंपाकघरात दूध तापवत ती मुलांना पणजीची गोष्ट सांगत होती. पणजी कशी शूर होती, कुत्री तिच्या अंगावर कशी उड्या मारायची. मुलं अंगणात पळाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. दुधाला उकळी आली तरी ती ऐकत राहिली.

"आजीला भीती वाटायची?"

"हो."

"पण ती माझा हात धरायची."

"म्हणूनच धरायची."

तिनं गॅस बंद केला. "बाबा, तुम्ही स्वतः सुटायला हे मला सांगितलंत. माझ्याकडे तिची तेवढीच आठवण होती."

खरं म्हणजे तिचं बरोबर होतं. बाहेरून धाकट्यानं हाक मारली, "मम्मा, कुत्रे आले!" इतक्या वर्षांत गल्लीतल्या कुत्र्यांनाही नाताळची वेळ कळायला लागली आहे.

मुलीनं रोटला दुधात कुस्करला आणि पातेलं माझ्या हातात दिलं. "तुम्ही घाला. तुमची रीत आहे ना."

मी गेटपाशी गेलो. सगळी अंगणात उभी होती. मी पातेलं खाली ठेवलं, कुत्र्यांनी ते रिकामं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुलीनं त्यांना आत नेलं.

चोकडीत हात धुऊन मी आत गेलो तेव्हा सगळ्यांची पानं वाढून झाली होती आणि सगळे जेवायला लागले होते. माझं ताट पालथंच होतं. मी ते सरळ केलं आणि उंधियू आपल्या हातानं वाढून घेतला.