मिरचीच्या बाया आणि रसूल मिस्त्रीचा घन

धुक्यानं गोंडपिपरीचा रोड गिळला होता. गुलाम रसूल मिस्त्रीनं शटर वर ढकललं, कानटोपी काढली आणि रात्रभर उभ्या ठेवलेल्या छोट्या ट्रकला चावी मारली. टायमिंग चेन गेली का राहिली, हे थंड्या इंजिनावरच कळतं. तापलं की आवाज दबतो. म्हणून गाडी रात्री सोडल्याशिवाय तो कामच घेत नसे.

खिळ्यांचा डबा हलवावा तसा खडखडाट झाला. इंजिन तापेपर्यंत थांबेचना.

रसूल तापट माणूस. भद्रावतीत उस्तादाशी मारामारी करून इकडं आलेला. ड्रायव्हरनं ऐकलं नाही की कानाखाली द्यायचा. लोक शिव्या देत जायचे अन् पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

ट्रकमालक आदेश आला. सोबत मिरची तोडायला तेलंगणात निघालेल्या बाया होत्या. त्या गाठोडी घेऊन मागं चढूही लागल्या.

"चेन ढिली झाली. आजच बदलाव लागते," रसूल म्हणाला.

"आवाज तं नाई, रसूलभाऊ."

"आता तापली ना. चेन ताणून धरनारा टेन्शनर पाह्यला मी, पुरा बाहेर आला. चेन सुटली तं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटन, इंजिन जागीच बंद. उतारावर ब्रेक दगडावानी कडक होईन, दाबताच येनार नाई. मांगं बाया हायेत."

"वापस आल्यावर बदलू."

"वापस येशीन तं."

आदेश शिवी देत आत बसला. चावी काढायला रसूलनं उजवा हात घातला, तर आदेशनं दार त्याच्या बोटांवर आपटलं. दोन नखं उलटली. रसूलनं घन उचलला आणि समोरच्या जाळीतून रेडिएटरात घातला. पुन्हा घातला. उकळतं पाणी त्याच्या हातावर उडालं, कातडी सोलली.

आदेश लोखंडी टॉमी घेऊन उतरला. पहिला वार खांद्यावर, दुसरा कपाळावर. रसूल खाली पडला, तरी त्यानं आदेशचा पाय धरून त्याला आपटलं आणि नाक फोडलं. बायांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

"मजुरी बुडवली ना आमची, मिस्त्री," टोळीची मुकादम कलाबाई म्हणाली. मग मागं वळली. "उतरा गं. मेलेल्या गाडीत कोण बसते?"

एकेक गाठोडं खाली आलं. आदेश नाक धरून पायरीवर बसला.

"बदल मंग तुही चेन," तो म्हणाला. "पण रेडिएटर तुह्या खर्चानं."

"माह्याच खर्चानं."

रसूलनं बोटांना चिंधी गुंडाळली, सांडलेल्या पाण्यावर राखड टाकली आणि डाव्या हातानं खराटा घेऊन जमीन झाडायला लागला.