‘शुद्ध’ लिहिलेली बाटली

झुनीमावशीने देवळातलं मंतरलेलं पाणी येर्कोच्या प्रयोगात ओतलं, म्हणून तिप्पट वायू निघाला, अशी बोलवा चिलीतल्या अँटोफागास्ताच्या विद्यापीठात उठली होती. साफ खोटं! बाटलीत नेहमीचं क्षाराचं पाणी होतं, आणि मावशीला खात होतं ते तेच.

मावशी मदतनीस असलेल्या प्रयोगशाळेतला येर्को हा पीएचडीचा पोरगा, नाकात बोलणारा. निकेल आणि सेंद्रिय रेणू गुंफून तो तीन वर्षं एक हिरवी, आतून जाळीदार भुकटी बनवत होता. कमी विजेत पाणी फुटून वायू निघावा, एवढीच त्याची आस. पण क्षारात लोखंडाचा कण जरी राहिला, तरी निकेल उगाच जोरात चालतं आणि श्रेय भुकटीला जातं. म्हणून ते पाणी आधी शुद्ध करायचं. हे काम मावशीचं. एकवीस वर्षांत तिने ते कधी चुकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात ला तिराना गावच्या देवीच्या जत्रेसाठी नाचाची तालीम होती, आणि मंडळाचा ढोल मावशीकडे. तिने बाटलीवर ‘शुद्ध’ अशी चिठ्ठी आधीच डकवली, “उद्या सकाळी उरकते” असं स्वतःलाच सांगितलं आणि पळाली. सकाळी ती पोचायच्या आत येर्कोने बाटली रिकामी केली होती.

“मावशीऽ! आकडा बघा, तिप्पट! देवीला माझ्या नावची मेणबत्ती लावा!”

मावशीने लावली.

घरी संध्याकाळच्या चहाला मी येर्कोचा आवाज हुबेहूब काढला, तर भाचीच्या नकलेला नेहमी खदखदणारी मावशी पाव तसाच ठेवून उठली. मग सगळं सांगितलं.

“पुढच्या शुक्रवारी तो परिषदेत हाच आकडा सांगणार. त्याच्या आईने टाय आणलाय गं.”

“मग सांग ना त्याला!”

“तोंडच उघडत नाही.”

“नाहीच उघडणार! पैज. सांगितलंस तर महिनाभर मी कुणाची नक्कल करणार नाही.”

अकरा दिवस मावशी गप्प राहिली. गुरुवारी नवी बाटली छातीशी धरून ती येर्कोसमोर उभी राहिली.

“बाळा, ही खरी शुद्ध. ती नव्हती. चिठ्ठी मी खोटी लावली होती.”

“मावशी, मस्करी पुरे हं.”

पण त्याने प्रयोग पुन्हा लावला. आकडा जुन्या जागी येऊन बसला. येर्कोने फोन करून भाषण रद्द केलं, टाय गुंडाळून खिशात घातला.

“उद्या कळलं असतं तर मी मंचावर असतो,” एवढंच तो म्हणाला.

“अकरा दिवस तू हवेत होतास, तुला तिथे मीच ठेवलं होतं,” मावशी म्हणाली. त्या वर्षी ढोल तिने दुसरीला दिला.

पैज मी हरले. आता चहाला मावशीच विचारते, “येर्कोचा आवाज काढ ना जरा. रागावलेला वाटतो का, ऐकू दे.” आणि माझे अजून नऊ दिवस बाकी आहेत.