धाकट्या जावेचा जंत

धाकटी जाऊ घरात आली आणि माझा जळफळाट सुरू झाला. मी दोन भाकरी खाल्ल्या तरी अंगाला लागायच्या. ती चार खाऊन वेलीसारखी सडपातळ. वर सासूबाई मलाच सांगायच्या, "तिले आखो वाढ. पोर वाळी ऱ्हायनी." साय तिच्या वाटीत, तूप तिच्या भाकरीवर.

एक दिवस तिने मला परसात बोलावलं आणि रडत रडत दाखवलं: काकडीच्या बियांसारखे पांढरे, चपटे तुकडे, तेही वळवळणारे. सासूबाईंनी गुळातून वावडिंग दिलं, भोपळ्याच्या बिया वाटून दिल्या. तुकडे पडायचे थांबेनात. शेवटी दिराने सोनगीरहून मोटार धरून तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. सोबतीला बाई हवी, म्हणून मी.

"डुकराचं मांस खाल्लं होतंस?" डॉक्टरांनी विचारलं. तिने मान खाली घातली. तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. भाऊ रानडुक्कर मारून आणायचे, निखाऱ्यावर भाजायचे.

"कच्चं राहिलं असणार. त्यातूनच हा जंत पोटात गेला."

एक दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं. दुसऱ्या सकाळी कुठल्याशा पहाडी झाडाच्या मुळांचं काळपट हिरवं औषध दिलं, मागून जुलाबाचं मीठ. औषध इतकं उग्र की तिला उमासे आले. मी उठणार, तोच दीर तिच्या मागे बसला आणि दोन्ही हातांनी तिचं कपाळ धरलं. चारचौघांत! मला हिवताप भरला होता तेव्हा आमचे हे उंबऱ्यातूनच "बरं शे ना?" विचारून शेतात गेले होते.

दुपारी जंत पडला. नर्सबाईंनी तो पाण्यात उलगडला. माझ्याहून लांब पांढरी फीतच. त्या त्याचं डोकं शोधत होत्या. म्हणाल्या, "ते आत राहिलं तर पुन्हा वाढेल." टाचणीच्या माथ्याएवढं डोकं सापडलं, तेव्हा दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे तिचे गाल भरले, रंग उजळला. विहिरीवर बायका तिला घेरून धुळ्याची हकिगत ऐकायच्या. तिथे मीही होते, हे कुणाच्या गावी नव्हतं.

एकदा जेवण वाढताना ह्यांना विचारलं, मी अशी आजारी पडले तर याल का बरोबर धुळ्याला?

"तुले काय व्हयेल शे?" ताटातून मान वर न करता हे म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागितली.