मस्टरकाकांची झोप

मस्टरकाकांचं खरं नाव कारखान्यातही कुणी घेतलं नाही, गल्लीत तर प्रश्नच नाही. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकावर मस्टरमध्ये कामगारांची हजेरी लिहिली. भोंग्यानंतर दोन मिनिटांनी आलेला माणूस, मग तो सख्खा मेव्हणा का असेना, लाल शाईतच जायचा. "नोंद नाही म्हणजे हजेरी नाही," हे त्यांचं वाक्य. घरातही तोच कायदा. लेक कॉलेजात असताना एकदा सात मिनिटं उशिरा आली, तर काकांनी दाराची कडी काढली नाही. पोर तासभर जिन्यात बसून होती. माणूस वाईट नव्हता, पण खोटी नोंद म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

काकू गेल्या आणि काकांची झोप उडाली. जुन्या डॉक्टरांनी गोळी दिली, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांना आता नऊ वर्षं झाली. डॉक्टर निवृत्त झाले, दवाखान्यात त्यांची सून बसू लागली, गोळी आपली चालूच. घेतली नाही तर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि घेतली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. इकडे आड, तिकडे विहीर.

लेक कामावर जाताना तीन वर्षांच्या नातीला काकांकडे ठेवायची. एका सकाळी खुर्चीतच काकांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा नात गॅलरीत स्टुलावर चढून कठड्यावरून खाली वाकली होती. लेकीला हे काकांनीच सांगितलं. तिने नातीच्या चपला पिशवीत भरल्या. "गोळी सुटू दे, रात्रीची झोप नीट होऊ दे, मग आणीन," म्हणाली. त्या दिवसापासून घर काकांना खायला उठलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. "गोळी एकदम सोडायची नाही, काका. दर पंधरा दिवसांनी पाव पाव कमी करू. साडेबाराच्या आत अंथरुणावर पडायचं नाही, सहाला उठायचंच. दिवसा लवंडायचं नाही. आणि ही वही घ्या. किती झोपलात ते रोज लिहा."

वही म्हटल्यावर काका खुलले. घरी गेल्या गेल्या त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले.

पंधरा दिवसांनी वही चाळताना बाई थबकल्या. "एक सत्तेचाळीसला झोप लागली, हे लिहिलंत कधी?"

"एक सत्तेचाळीसला."

"झोपेत?"

"छे. लागतेय असं वाटलं की दिवा लावून लिहायचं. मग परत यायची वाट बघायची."

बाई आधी हसल्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला. "चुकलं माझं. हे सकाळी उठून अंदाजाने लिहायचं असतं."

"अंदाजाने?" बाईंनी चोरी करायला सांगितल्यासारखे काका त्यांच्याकडे बघत राहिले.

बाईंनी वही ठेवून घेतली, मनगटावरचं घड्याळही काढायला लावून ड्रॉवरमध्ये टाकलं. गजराचं तेवढं स्वयंपाकघरात, डब्यात ठेवायचं ठरलं. साडेबाराला आणि सहाला वाजेल, मध्ये बघायचं नाही.

पहिले काही आठवडे काकांचे फार हाल झाले. रिकामं मनगट चाचपत ते खुर्चीत बसून राहायचे. मग एकदा डब्यातला गजर वाजला, बाहेर उजाडलं होतं आणि मधलं काही म्हणता काही आठवेना. असं परत झालं. पाव पाव करता करता गोळीही सुटली. काकांनी लेकीला फोन केला.

ती एकटीच आली.

"झोप लागते?"

"लागते."

"किती वाजता लागते? किती वाजता मोडते?"

"ते माहीत नाही. बाईंनी वहीच काढून घेतली."

लेक दारातच उभी होती. तिथून जिना दिसत होता. "बाबा, नोंद नाही म्हणजे हजेरी नाही," ती शांतपणे म्हणाली. "कठड्यावर वाकली होती हो ती. मी अंदाजावर नाही सोडू शकत तिला."

"महिनाभर लिहून दाखवतो," काका म्हणाले. लेकीचं काय चुकलं होतं? कायदा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली. रकाने आखले, आणि महिना सरल्यावर एका बैठकीत तो अख्खा महिना भरून काढला. १२.५८ झोप, ५.४१ जाग. १.०४ झोप, ५.५० जाग. मिनिटांत बारीकसारीक फरक ठेवायला ते विसरले नाहीत. खऱ्या नोंदी कशा दिसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? लेकीने पान न् पान वाचलं. वडिलांच्या अक्षरावर तिने आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती. "उद्या आणते," म्हणाली, आणि जाताना तिचे डोळे भरून आले.

त्या रात्री काकांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी साडेआठला नात आली. त्याआधी काकांनी वहीत लिहून ठेवलं होतं, १२.५२ झोप, ५.४६ जाग. लेकीने जाता जाता ते वाचलं, समाधानाने मान हलवली आणि कामावर गेली.

"आजोबा, बसा ना," नात म्हणाली.

काका दिवसभर गॅलरीच्या दारात उभेच राहिले.