मामांच्या पुस्तकात कुणी हरत नसे

फुटबॉलला जन्मात पाय न लावता उरलेली हयात फुटबॉलवर ओवाळून टाकणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! चांदवडच्या शाळेत मराठी शिकवून मामा निवृत्त झाले, नाशकात आले आणि मुलांसाठी फुटबॉलच्या गोष्टी लिहू लागले. मैदानावर जा म्हटलं की म्हणायचे, "तिथे धुळीशिवाय दिसतं काय?" त्यांचे सामने जेवणाच्या टेबलावर, तेही कांद्यांचे. लाल कांदे एकीकडे, पांढरे दुसरीकडे, चेंडू म्हणून लसणाची पाकळी. कांदे सरकवत, तोंडाने शिट्टी मारत मामा प्रकरण रंगवायचे. एकदा भर सामन्यात पाणी प्यायला उठले आणि परत येऊन ओरडले, "अगं, माझा गोलकीपर कुठाय?"

"पोह्यात," मामी आतून म्हणाल्या. मामांनी पोहे मुकाट्याने खाल्ले, पण त्या प्रकरणात गोलकीपरचा पाय मुरगळला तो मुरगळलाच.

दुसरी खोड याहून भारी. त्यांचा प्रत्येक सामना बरोबरीत सुटायचा. प्रकाशक हात जोडायचा, "सर, कुणालातरी जिंकू द्या की राव!" मामा ऐकतील तर शपथ! "पोरांना हरवायला परीक्षा आहेत की. मी कशाला हवा?" अशी पुस्तकं कोण घेणार? दुकानात धूळ खात पडली. शेवटी प्रकाशकाने नवी गोष्ट साभार परत केली. मामांचा हात तोवर थरथरू लागला होता. हे शेवटचं पुस्तक पोरांच्या हातात बघायचं, एवढीच त्यांची आस होती. मामी म्हणाल्या, "एकदा जिंकवा हो, काय बिघडतंय?" दोन दिवस धुसफुसून मामांनी शेवट बदलला. गोष्टीतल्या मुलींच्या सामन्यात लाल संघाने अगदी शेवटी गोल मारला. पुस्तक छापलं आणि धडाधड खपलं.

नांदगावच्या एका शाळेने मामांना बोलावलं, सोबत मी. टाळ्या झाल्या, हार झाला. मग एक मुलगी उठली. "सर, ती दुसऱ्या संघाची गोलकीपर घरी गेल्यावर काय म्हणाली?" मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंनी तिला खाली बसवलं.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "जावईबापू, सगळ्या पोरी नाचत निघून गेल्या आणि त्या गोलकीपरला मी मैदानातच उभी ठेवली हो."

"मामा, गोष्टच आहे ती."

"तुम्हाला गोष्ट. ती पोरगी खरंच विचारत होती."

दुसरी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशक पेढे घेऊन आला, तेव्हा मामांनी एकच अट घातली: "एक पान जोडतो. तिला घरी पोचवतो, मग छापा." पण हात काही साथ देईना. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. सांगायला बसले की पहिलंच वाक्य पुन्हा पुन्हा खोडायला लावायचे. फार जीव तुटायचा बघून. प्रकाशक थांबला थांबला आणि त्या पानाशिवायच आवृत्ती काढून मोकळा झाला. त्यानंतर चारच महिन्यांत मामा गेले. पुस्तक आजही खपतंय, आणि ती गोलकीपर पोरगी अजून मैदानातच उभी आहे.